जांभळा दिवा

सोमवार, ४ ऑगस्ट
तिसरा पेशंट! ऑपरेशनच्या टाक्यांत पू. तिघांनाही एकच जंतू — म्हणजे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कुणीतरी नेतंय. चोर सापडेल. वॉर्डातला संसर्ग रोखायची नोकरी आहे माझी, आणि माझ्या हातून आजवर एकही सुटलेला नाही.

वन्सं गुरुवारी इथेच यायच्या आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशनला. हे म्हणतात, "ताईला दुसरीकडे नेऊ या का?" दुसरीकडे कशाला? मी काय मेले आहे?

मंगळवार, ५ ऑगस्ट
दर आठवड्यासारखी जांभळा दिवा घेऊन फिरले. हाताला पावडर चोळायची, हात धुवायला लावायचे, मग दिव्याखाली धरायचे. धुण्यात कसूर राहिली की तेवढीच जागा चमकते. मोठ्या सर्जनची नखं काजव्यांसारखी! "सिस्टर, चारचौघांत अब्रू घेता." म्हटलं, पुन्हा धुवा, लगेच परत देते.

पेशंटनाही सोडत नाही. खाटेवर दिवा ठेवायचा — दाखवा हात. माझ्या पाठीमागे फौजदारीण म्हणतात सगळे. म्हणू देत.

बुधवार, ६ ऑगस्ट
नळ, कठडे, पडदे, सलाईनचे स्टँड, सगळ्यांचे हात — कापूस फिरवून नमुने नळ्यांत भरून लॅबला दिले. माझा संशय सर्जनवरच आहे. एक नळी उरली. फुकट कशाला घालवा, म्हणून तिचा कापूस दिव्याच्या दांड्यावर फिरवला.

गुरुवार, ७ ऑगस्ट
वन्सं आल्या. चेहरा एवढासा झालेला. "वहिनी, तू आहेस म्हणून आले हो. नाहीतर पाऊल टाकलं नसतं." चोराची गोष्ट सांगितली, दिवा त्यांच्या मांडीवर ठेवला, हात तपासले. "अगं बाई, एवढी घाण घेऊन मी स्वयंपाक करते?" खूप हसल्या. ऑपरेशन उद्या सकाळी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
लॅबचा फोन. नळ स्वच्छ, कठडे स्वच्छ, सर्जनही स्वच्छ. जंतू फक्त त्या उरलेल्या नळीत. अख्ख्या वॉर्डाला धुवायला लावलं, दिवा मात्र मी एकदाही पुसला नाही.

वन्संचं ऑपरेशन थांबवलं. सर्जनना काय ते सांगितलं. वन्सं अजून खाटेवर बसून आहेत. मला पाहिलं आणि हसून विचारलं, "काय गं, सापडला का चोर?"