बॉनेटखालची सफाई

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे आता भिंतीशी बोलणं, म्हणून हे पत्र. रागावू नकोस. कान गेले म्हणून तुला चिडवायचा माझा हक्क काही गेलेला नाही.

हॉटेलातून निवृत्त झाले खरी, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या चकचकीत केलेला हात स्वस्थ बसेना. महिनाभर घर इतकं झाडलं, की मी नुसती समोरून गेले तरी आमचे हे पाय वर उचलून बसायला लागले. शेवटी मोर्चा बाबांच्या गाडीकडे वळवला. घरामागे ताडपत्रीखाली पडून पडून तिची रया गेली होती. मागच्या गल्लीतल्या पेंटरच्या शेडमध्ये ती ओढून नेली आणि शेजारच्या गॅरेजवाल्यांनी साखळीने इंजिन उचलून बाहेर काढलं. आधी बॉनेटखालचा कप्पा रंगवायचा, मग बाहेरचा पत्रा. पेंटर म्हणाला की रंग मारणं त्याचं काम, पण एवढा मळ काढायला लागणारी चिकाटी त्याच्याकडे नाही. मी म्हटलं, ती माझ्याकडे पोत्याने आहे. आत बोटभर जाडीचं ग्रीस आहे आणि उंदरांनी मांडलेला एक जुना संसारही. सुरुवात कुठून करू ते लिही.

आता मुद्द्याचं. गॅरेजवाले इंजिन परत बसवून देतील, पण त्या जुन्या कार्बोरेटरला हात लावायला ते तयार नाहीत. ते काम तुझं. तू आलास तरच गाडी चालेल. वहिनी म्हणत होत्या, स्वतःच्या गॅरेजला कुलूप लावल्यापासून तू त्या बाजूला फिरकलाही नाहीस. मला ते अजिबात आवडलेलं नाही. तू ये.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव. कमी केलास तर तिथे येऊन भांडेन.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी येणार नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. इंजिन कानाने लावतात. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून मी कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगायचो. आता इंजिन चालू असो की बंद, मला एकच गुणगुण ऐकू येते. अशा माणसाने लोकांच्या गाड्यांत हात घालू नये. बाबांच्या तर नाहीच नाही. उगाच बिघडवून ठेवीन, आणि ते मला सोसणार नाही.

सफाईचं मात्र सांगतो. सोडवलेल्या प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी बांध आणि उघडी भोकं चिंध्यांनी बुजव. ग्रीस आधी बोथट पट्टीने खरवड, मग रॉकेल आणि ब्रश, मग धुण्याची पावडर घातलेलं गरम पाणी. बॅटरीच्या बैठकीवर आम्ल सांडलेलं असणार, तिथे खाण्याचा सोडा टाक. फसफसायचं थांबलं की धू. गंज तारेच्या ब्रशने काढ. शेवटी सगळा कप्पा पाण्याच्या पॉलिशपेपरने घास. जुन्या रंगाची चमक पूर्ण मेली पाहिजे, नाहीतर नवा रंग धरणार नाही. तुला चमक मारायची सवय नाही हे मला ठाऊक आहे, पण मन घट्ट कर. रंगाच्या दिवशी थिनरच्या फडक्याने पूस, लगेच कोरड्या फडक्याने पूस, आणि त्यानंतर बोटसुद्धा लावू नकोस.

तुझ्या ह्यांना सांग, पाय वर उचलणं तब्येतीला चांगलं असतं.

तुझं क्षेम चिंतणारा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कप्पा स्वच्छ झाला! नुसता स्वच्छ नाही, त्यात पीठ मळावं असा. तू लिहिलंस ते अक्षर न अक्षर केलं. नखांतलं ग्रीस काही जाता जात नाही आणि घरात मला कोणी रॉकेलच्या वासामुळे जवळ करत नाही, ते सोड.

एक गंमत सांगते. हीटरचा डबा सोडवला तर त्याच्या मागे हातभर मूळ रंग निघाला. कबुतरी. ऊन नाही, धूळ नाही, आपल्या दारात गाडी आली त्या दिवशी होता तस्साच. त्या दिवशी बाबांनी आपल्याला आळीपाळीने मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं होतं आणि तू उतरायला तयार नव्हतास. मला रडू आलं. पेंटरला सांगितलं रॉकेल डोळ्यात गेलं. रंग तोच मिळवून घेणार आहे.

तेवढाच तुकडा ठेवून बाकी सगळं घासलं. आता ते इतकं मलूल दिसतं, की बघवत नाही. पत्र्याला मी काही लावलेलं नाही, शप्पथ. पण आतल्या रबरी नळ्या आणि वायरी तशाच राहणार आहेत ना, त्यांना तरी जरा रूप यावं म्हणून हॉटेलने निरोपाला दिलेल्या खोक्यातल्या पॉलिशचा फवारा मारला. काय तेज आलंय म्हणून सांगू! सोमवारी अस्तराचा, म्हणजे रंगाखालचा पहिला हात मारायचा आहे.

आणि तू कधी येतोयस?

तुझ्या लोभावर टपून बसलेली,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचता वाचता हे पॉलिशच्या ओळीपर्यंत आले आणि खुर्चीतून असे उठले, की मला वाटलं विंचू चावला. त्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं, ते उडून सगळ्या पत्र्यावर बसतं आणि मग रंग त्याच्यापासून पळतो, असं हातवारे करून मला ऐकवलं. जणू मीच फवारा मारला होता. लगेच कार्ड लिहून स्वतः टपालपेटीपर्यंत गेले. मी फोन करते म्हटलं, तर म्हणाले, तुला ते नीट सांगता यायचं नाही. तरी मी तीनदा फोन लावला. तुम्ही शेडमध्ये होतात की काय कोण जाणे, उचलला नाहीत.

पण वन्सं, खरं सांगू? मला बरं वाटलं. कुलूप लावल्यापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वागतोय. कोणी गाडी घेऊन दारात आलं, की हात हलवून परत पाठवतात. आणि चार माणसांत बसले तर उगाच हसतात, ऐकू आल्यासारखं. ते हसणं मला बघवत नाही. तुमची पत्रं यायला लागल्यापासून मात्र टपालाच्या वेळेला फाटकाशी उभे असतात. परवा त्यांनी कार्बोरेटरच्या सुट्या भागांची डबी काढून सगळं पुसून ठेवलं. विचारलं तर म्हणे, गंजू नये म्हणून.

तुम्ही आग्रह सोडू नका. चिडले तर चिडू द्या. चिडलेले परवडतात, गप्प नाही.

तुमची,
वहिनी


२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. अस्तर सोमवारी मारलं होतं.

काय लिहू? पेंटरने फवारा सुरू केला आणि ओला थर बघता बघता जागोजागी फाटला. सगळ्या कप्प्याला देवी आल्यासारखे खड्डे. त्याला वाटलं हवेच्या नळीत पाणी आलं, म्हणून त्याने थांबून नळी झाडली आणि दुसरा हात मारला. आणखी खड्डे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पॉलिशच्या बाटलीकडे. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो. इतकी वर्षं माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगत आले, की चमकलं म्हणजे झालं. आता कोणत्या तोंडाने सांगू?

तिसरा जाड हात मारून खड्डे झाकू का, असं तो विचारतोय. मी थांबवलंय. दादा, मला आता भीती वाटते. इतका सुंदर धुतलेला कप्पा मीच वाया घालवला. काय करायचं ते तूच सांग.

तुझी (या वेळी खरंच हिरमुसलेली),
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, की तुझी वहिनी हातातलं टाकून धावत आली. आयुष्यात पहिल्यांदा तू जास्त स्वच्छ केल्यामुळे काही बिघडलं. हे मी लिहून ठेवणार आहे.

तिसरा हात मारायचा नाही. पेंटरला माझा नमस्कार सांग आणि फवारा त्याच्यापासून लपवून ठेव. खड्डे झाकले जात नसतात, आहे ते सगळं पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल. नळ्या आणि वायरी बाहेर काढ. ती बाटली तर त्या गल्लीतच नको. कागदावर लिहून हे काम तुला जमायचं नाही, कारण तू लिहिलेलं सगळं करतेस आणि वर आणखी एक करतेस. म्हणून गुरुवारच्या गाडीने मी येतो.

रंगापुरता येतो. इंजिनाचा विषय काढायचा नाही. काढलास तर त्याच पावली परत फिरेन.

तुझा,
दादा


३ एप्रिल

सौ. गृहमंत्र्यांस,
सप्रेम नमस्कार.

चार दिवसांसाठी गेलेला माणूस कुठे आहे, असं तू विचारतेस. शेडमध्ये आहे. बहिणीने जेवायला घालून घालून माझा पट्टा एक भोक पुढे सरकवलाय.

रंगाचं काम उत्तम झालं. मी आणि पेंटरने मिळून सगळं अस्तर उतरवलं, दर वेळी नवं फडकं घेऊन पत्रा पुसला, मग कुठे नवा हात मारला. भिंगरीला दाराबाहेर स्टुलावर बसवलं होतं. रंग अगदी तोच आला, कबुतरी. तो बघून मलाही रॉकेल डोळ्यात गेलं, आणि तेव्हा शेडमध्ये रॉकेल नव्हतं.

काल गॅरेजवाल्यांनी इंजिन बसवलं. भिंगरीने शब्द पाळला, विषय काढला नाही. नुसती चावी माझ्या हातात दिली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मी चावी परत करणार होतो, खरंच. पण तिच्याकडे बघवेना.

चावी फिरवली तर काहीच हललं नाही. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे बोल्टने पत्र्याला आवळतात, तिथेही पेंटरने हौसेने रंग मारला होता, मग वीज जाणार कशी? मी नाण्याएवढा रंग खरवडून पत्रा उघडा केला. भिंगरी किंचाळली असावी, कारण पेंटर दचकला. मग इंजिन धरलं. पत्र्यावर हात ठेवला तर ते हादरत होतं, पण का हादरतंय ते मला कळेना. तेव्हा मी हात पुसले आणि सांगून टाकलं, की यापुढचं माझ्याच्याने होणार नाही.

तिने मला हाताला धरून बॉनेटसमोर वळवलं आणि बोलायला लागली. तुला माहीत आहे, ती बोलताना तोंड असं हलवते की बहिऱ्यालाही सुटका नाही. म्हणाली, सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज आहे, आणि तीन श्वास बरे घेतले की चौथ्याला उचकी लागते. मी तिच्याकडे बघतच राहिलो. इंजिनाचं असं वर्णन मला कोणत्याही मेकॅनिकने कधी दिलं नव्हतं. मी रबरी पकडीने एकेका प्लगची वायर काढून लावत गेलो आणि प्रत्येक वेळी तिला विचारत गेलो, आवाज बदलला का? पहिलीला बदलला, दुसरीला बदलला. तिसरीला ती म्हणाली, काढलीस काय अन् लावलीस काय, फरक नाही. तोच प्लग बंद पडला होता. तो बदलला.

मग कार्बोरेटरचा स्क्रू हातात घेतला. मी फिरवायचो, ती सांगायची. आता घसा बसल्यासारखं झालं. आता खोकतंय. आता जरा बरं, पण दम लागतोय. किती वेळ तिची टकळी चालू होती देव जाणे, आणि माझी नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. मी आणखी पाव फेरा दिला आणि पुढचं ऐकायला थांबलो.

तिचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. सांगायला तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. मी हळूच स्क्रूवरून हात काढला. इंजिन लागलं होतं.

तुझा आणि तुझ्या लोभाचा,
मेकॅनिक