सिराजच्या वाटणीचा भात

फरसान बेट, मंगळवार

प्रिय सुरैया,

सलाम. कागदावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. शाळेत गुरुजींनी माझ्या वहीवर एकदा 'कोंबडी फिरली काय?' असा शेरा मारला होता, तो तू घरी पळत येऊन अब्बांना वाचून दाखवलास. चुगलखोर कुठली. पण हे फोनवर सांगता येत नाही गं. तुझा मोबाइल तुझ्या पोरीच्या, अरवाच्या हातात असतो, मेसेज आधी ती वाचते, आणि व्हिडिओ कॉल लागला की पलीकडे अख्खं घर बसलेलं दिसतं. जमालुद्दीनचाचा उद्याच्या बोटीने सुट्टीवर निघतो आहे. शुक्रवारी तो गावात पोचेल आणि पत्र तुझ्याच हातात देईल, तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. शनिवारी तुझी इद्दत, नवऱ्यामागे घरात बसायची मुदत, संपते. त्याच्या आत तुला हे कळायला हवं. सिराजबद्दलची एक गोष्ट चार महिने मी माझ्याजवळ ठेवली, आणि ती माझी नव्हतीच.

आधी इथलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तू नेहमी विचारायचीस, बेटावर तुम्ही करता तरी काय? खरं तर बेट म्हणायचं म्हणून बेट. जिझानहून बोटीने तासाभराचं अंतर, मग खडकाळ माळ, खाजणाची झाडी, आणि सकाळी आमच्या भिंतीपर्यंत येणारी हरणं. बाजार एवढासा. न्हावी बांगलादेशी, चहावाला केरळचा, मच्छीमार येमेनी, दवाखान्यातल्या नर्सबाया फिलिपिनी. कुणाचा राहायचा परवाना, इकामा, संपत आला आहे, कुणाच्या घरी मुलगी झाली, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. शुक्रवारी नमाज झाली, जेवणं आटोपली की सगळे परदेशी धक्क्यावर बोट बघायला जमतात. उतरणाऱ्यांत आपलं कुणी नसतं, तरी जमतात. मीही जातो. आम्ही कोकणातले पाच जण बर्फाच्या कारखान्यामागे एका जुन्या घरात राहायचो. मी बोटींची इंजिनं बघतो, उमैर श्रीवर्धनचा, तो पिकअप चालवतो, गुहागरचा केरू खाऱ्या पाण्याच्या प्लँटवर फिटर आहे, जमालुद्दीनचाचा गोदाम सांभाळतो. पाचवा सिराज, तुझा नवरा. माझ्याच सांगण्यावरून तो इथे आला, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी मात्र विसरत नाही.

आमच्या मेसचा एक रिवाज आहे. चाचाने घालून दिलेला, आता वीस वर्षं झाली. स्वयंपाकाची पाळी ठरलेली, आणि माणशी एक पेला तांदूळ. कुणी सुट्टीवर निघाला की तो पुढच्या मुक्कामाला पोचेपर्यंत त्याचा पेला पातेल्यात पडतोच. वाटेतला माणूस उपाशी राहू नये, असं चाचाचं म्हणणं. तो भात उरतो, मग मांजरं खातात. पोचलेल्याने काय करायचं, तर ज्याची पाळी असेल त्याला मिस कॉल द्यायचा. एक रिंग, आणि तोडायचा. तो उचलायचा नाही. मिनिटाला रियाल मोजावे लागत त्या काळातली ही सवय. आता कुणाचं काही जात नाही, पण कुणी चुकून उचललाच तर महिनाभर त्याची टिंगल होते. रिंग आली की पाळीवाला ओरडतो, 'पोचला', आणि दुसऱ्या दिवसापासून एक पेला कमी.

सिराज त्या गुरुवारी निघाला. तुला न सांगता यायचं होतं त्याला. पोरीच्या दहावीच्या निकालाला दारात उभं राहायचं, तुझं तोंड बघायचं, हे त्याचं दोन महिने चाललं होतं. तुझा फोन येऊ नये म्हणून, कामाच्या जागी आठवडाभर टॉवर नसणार, ही थाप त्यानेच मारली. जड सामान आधीच कार्गोने गेलेलं, बरोबर एक खांद्यावरची पिशवी. बोटीने जिझान, तिथून बसने जेद्दा, तिथल्या शराफिया बाजारात चार दिवस राहून खरेदी, आणि मंगळवारचं विमान. उमैरने त्याला अकरा वाजता धक्क्यावर सोडलं. बोट एकची होती. निघताना मी त्याला, उशीर करू नकोस, म्हणून तीनदा बजावलं. तुला माहीत आहे मी कसा बजावतो ते.

शनिवारी पाळी माझी होती. दुपारी अडीचच्या सुमारास मी अंगणातल्या नळावर हामूर मासा साफ करत बसलो होतो. फोन कट्ट्यावर होता. त्यावर सिराजचं नाव दिसलं. मी आत ओरडून सांगितलं की पोचला, आणि केरूने आतूनच विचारलं की शराफियात बिर्याणी खात असेल ना. रविवारपासून तांदूळ चार पेले झाले.

आणि रविवारपासून भात पुरेना. सुरैया, मी भुताखेतांना भिणारा माणूस नाही. लहानपणी खाडीवरच्या चिंचेखालून तू मला घट्ट धरून जायचीस, आणि तुला घाबरवायचा तो मीच. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. चार माणसं, चार पेले, भर दुपारची वेळ. तिघांनी वाढून घेतलं आणि केरूच्या वेळी पातेल्याचा तळ दिसला. 'माज्या वाटनीचा भात कोनी खाल्लान?' असं त्याने विचारलं, आम्ही हसलो आणि उमैरच्या पोटाकडे बघितलं. सोमवारी मी स्वतः पेल्यावर सुरी फिरवून सपाट माप घेतलं. तरी एकाला कमी पडला. मंगळवारी उमैर रागावून म्हणाला की आधी ताटं मांडा, सगळ्यांत सारखं वाढा आणि मग बसा. केरूने ताटं मांडली, वाढली, आणि आम्ही हात धुऊन आलो तर सतरंजीवर पाच ताटं. केरू शपथेवर सांगत होता की मी चारच काढली. पाचवं रिकामं होतं. रिकामं, पण धुतलेलं नव्हतं. कडेला शितं चिकटलेली होती, ओली. चाचाने ते उचललं, घासलं आणि फळीवर ठेवून दिलं. त्या दिवशी आम्ही बाहेर उन्हात बसून जेवलो, आणि तुला ठाऊक आहे इथलं ऊन कसलं असतं.

मला वाटलं, गुरुवारी तुला फोन करावा. सिराज आता घरी असेल, तू चिडली असशील, अरवा नाचत असेल, तेवढंच ऐकावं. तू फोन उचललास आणि पहिलंच वाक्य बोललीस, भाई, सिराजला सांग ना टॉवर आला की लगेच फोन कर, पोरीचा निकाल लागला. आठवतं? मी 'सांगतो' म्हणालो. पहिला नंबर आला का, असंही विचारलं. मग फोन ठेवला आणि उमैरला हाक मारली.

पुढचं तुला कळलेलं आहे, पण पोलिसांच्या भाषेत. उमैरला आठवलं की धक्क्यावर जाताना सिराज रंध्याबद्दल काहीतरी म्हणत होता. बेटावर एक जुनं, ओस पडलेलं गाव आहे, पोवळ्याच्या दगडांच्या घरांचं. तिथले दरवाजे दुरुस्त करायचं काम सिराजकडे होतं, आणि अब्बाजानचा रंधा, तुझ्या सासऱ्यांचा, तो तिथेच विसरला होता. बोटीला दोन तास होते. मला कळलं तर मी ओरडेन, म्हणून कुणाला न सांगता कुणाच्यातरी गाडीतून तो तिकडे गेला. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो. भिंती, खजुराची झाडं, आणि कसला आवाज नाही. एका कोरड्या विहिरीपाशी त्याची पिशवी होती, आत रंधा कापडात गुंडाळलेला. विहिरीच्या काठाचा एक दगड निसटलेला होता. उमैरने खाली बघितलं, मला बघू दिलं नाही.

तू सही करून कागद पाठवलास आणि आम्ही त्याला इथेच दफन केलं. जनाज्याला बेटावरचे येमेनी, बंगाली, मलबारी सगळे आले होते, केरूही मागे उभा होता. चांगलं झालं सगळं, त्यात कमी काही राहिलं नाही. मला वाटलं होतं की आता जेवण पुरेल. पुरलं नाही. जवळजवळ तीन आठवडे आम्ही अर्धपोटी उठत होतो, पेले वाढवले तरी. शेवटी एका दुपारी चाचा उठला आणि चौघांच्या चार पेल्यांवर पाचवा पेला पातेल्यात टाकताना 'सिराज' असं नाव घेतलं. त्या दिवशी चौघांचं पोट भरलं. पातेल्यात शीत उरलं नाही आणि मांजरांना काही मिळालं नाही. तेव्हापासून रोज पाच पेले पडतात. नवा माणूस अजून आलेला नाही, मेसमध्ये आम्ही चारच आहोत, आणि रोज पाच पेले संपतात. उमैरने बदलीचा अर्ज दिला आहे. केरू देवाला नारळ बोलला आहे. चाचा म्हणतो, तो अजून वाटेत आहे, कुणीतरी घाईने त्याला पोचला म्हणून टाकलं. असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही. न बघता म्हणतो, ते मला जास्त लागतं.

आता ते सांगतो. शनिवारची ती रिंग एक नव्हती. ती पूर्ण वाजली. हात धुवायला वेळ होता, लुंगीला पुसायलाही होता. मी नुसता बघत राहिलो. मनात म्हटलं, सुट्टीच्या आनंदात बटण दाबायचं विसरला वाटतं. उचलला असता तर केरू हसला असता, एवढंच कारण. मग ती थांबली आणि पुन्हा आली नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, पोलिसांनाही नाही. त्यांनी मला त्याचा बंद पडलेला फोन दिला, तो पत्राबरोबर पाठवतो आहे. मी तो चार्ज केलेला नाही. त्यात आणखी कुणाला केलेले कॉल आहेत का, काही बोलून ठेवलं आहे का, मला ठाऊक नाही. माझी छाती झाली नाही.

आणि हे पत्र आजच का, ते ऐक. दवाखान्यातल्या डॉक्टरने एकट्या मला बोलावून विचारलं होतं की या माणसाची शेवटची खबर कधी मिळाली. शनिवारच्या रिंगेचं लपवून मी गुरुवार म्हणालो. तीच तारीख कागदावर पडली, आणि त्याच तारखेवरून तुझे चार महिने दहा दिवस मोजले गेले. सुरैया, शनिवारी दुपारी अडीच वाजता तो जिवंत होता. मला बोलावत होता. त्यानंतर किती वेळ होता ते अल्लाहलाच ठाऊक. या शनिवारी बायका जमतील, तुला बाहेर नेतील, तुझ्यासाठी कपडे आणतील. तू उठू नकोस. निदान सोमवारपर्यंत बस, आणि त्याहून जास्त बसावंसं वाटलं तर मौलवींना विचारून बस. त्यांनी कारण विचारलं तर माझं नाव सांग, अब्बांना सांग, सगळ्या गावाला सांग. ते दोन दिवस तो कागदावर मेलेला होता आणि खाली एकटा जिवंत होता, आणि त्याच्यासाठी कुणीच बसलेलं नव्हतं. माझ्याशी बोलायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

तुझाच भाई,
नसरुद्दीन