इस्त्रीबंदी आणि नखलेकाकांचा आवाज

आदरणीय नसीबमामा,

तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन भाच्याचा सलाम. गुडघा काय म्हणतो? सिडनीची थंडी त्याला मानवते का? इथे झाहले गावात सगळे खुशाल आहेत. नव्हता तो फक्त रगिदामावशीचा कॉम्प्युटर.

मी खरं तर बालबेकला निघालो होतो (कशाला, ते आता आठवत नाही), वाटेत मावशीकडे कॉफीपुरता टेकलो, तर त्या डब्यातून टक्-टक् आवाज. मावशी म्हणाली, "म्हातारा झालाय, कुरकुरतोय." मामा, माझी शाळा तुम्हाला ठाऊकच आहे, पण मोबाइलच्या दुकानात एक हिवाळा काढल्यामुळे एवढं कळतं, की हार्ड डिस्क अशी टकटकली की तिचे दिवस भरले. आणि तिच्यात नखलेकाका होते! लग्नकार्यांत हातात अरक दारूचा पेला घेऊन, डफाच्या ठेक्यावर, समोरच्याची कवनांतून उडवलेली रेवडी, आणि समोरच्यानेही कवनातच द्यायचं उत्तर, सगळं रेकॉर्ड केलेलं. काका गेल्यावर मावशीला नवऱ्याचा आवाज उरला तो तेवढाच, दुसरीकडे कुठे नाही. मी बूट काढले आणि ठरवलं, कॉपी झाल्याशिवाय इथून हलायचं नाही.

नवी डिस्क आणून जोडली. पण मावशी खाली, दीर मिल्हेमकाका वर, आणि सरकारी वीज नसते म्हणून घेतलेली जनरेटरवाल्याची जोडणी दोघांत एकच, पाच अँपिअरची. वर एवलिनकाकूंनी इस्त्री लावली की खटका पडतो, कॉम्प्युटर बंद, कॉपी अर्धी. पुन्हा पहिल्यापासून (मला दुसरं येत नाही). मग मिल्हेमकाकांना आंघोळीला गरम पाणी हवं. पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला टकटक वाढलेली. भांडायला वर गेलो, तर काकूंनी कोबीच्या पानांत भात भरून केलेल्या वळकट्या पुढे ठेवल्या, आणि त्या असल्या झकास, की भांडण राहूनच गेलं.

शेवटी रविवारी सकाळी जिन्यात उभा राहून मी इस्त्रीबंदी पुकारली. मिस्साच्या आधी!

"अरे भटक्या, असला चुरगळलेला शर्ट घालून चर्चला जाऊ? फादर विचारतील, कुणी बदडलं?" मिल्हेमकाका वरून ओरडले.

मावशी लाटणं घेऊन बाहेर आली. "सांगा, रगिदाने बदडलं! माझा माणूस गेला, आवाज तरी राहू द्या. इस्त्री लावेल त्याला माझ्या घरची कॉफी बंद."

सगळं घर सुरकुत्यांसकट मिस्साला गेलं. कॉपी पुरी झाली. संध्याकाळी जुन्या डिस्कने प्राण सोडला. मी लगेच दुसरी कॉपी काढली, कारण एक घरात तर एक घराबाहेर हवीच. मावशी म्हणते, "मग मिल्हेमकडे ठेव की." वरचा मजला म्हणजे तिला परदेश!

आपला,
बासेल

ता. क. सोबत झातर मसाल्याचा डबा आहे. तो संपेपर्यंत थांबू नका, तळाशी मोज्यात डिस्क आहे. ती तुम्ही सांभाळायची.

ता. क. आणखी एक. तिच्यात एक अख्खी संध्याकाळ काका तुमच्याच नाकावर कवनं रचतायत. तुम्ही काकांवर का रुसलात ते मला आत्ता कळलं. कृपा करून पुसू नका. तेवढं गाळू का, असं मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "त्यालाच पाठव. शेवटपर्यंत ऐक म्हणावं." शेवटी, मामा, तुम्ही दार आपटून जाता. लोक हसतात. डफ थांबतो. आणि काका साध्या आवाजात म्हणतात, "रगिदा, जा गं, त्याला परत घेऊन ये. तो नाही तर मला उत्तर कोण देणार?"