हळद-कुंकू लावलेली ताकीद

नागाव,
मंगळवार

चि. मृणालीस,

क्रांतीआत्याचे आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक हलका धपाटा. आशीर्वाद नेहमीचे आहेत, धपाट्याचं कारण पुढे येईल. तुझी मान कशी आहे? दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून आखडते म्हणालीस, तर आपल्या वाडीतलं खोबरेल कोमट करून लाव (ऑफिसात वासाची लाज वाटत असेल तर रविवारी लाव). दादाची साखर आणि वहिनीचा गुडघा आपापल्या जागी असतील असं धरून चालते. इकडे मी बरी आहे. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच "आत्या, प्रोसेस काय झाली ते सांग" म्हणतेस. शिवाय तुझ्या सांगण्यावरून छापून आणलेल्या पाकिटांचा गठ्ठा कपाटात पडलाय, तो कशावर तरी संपवायला हवा.

तर प्रोसेस काय झाली ते सांगते. आपला दयाराम तुला ठाऊक आहेच. तुझ्या काकांचा, म्हणजे माझ्या ह्यांचा, लहानपणापासूनचा जोडीदार. हे गेल्यावर मी वाडीत चार खोल्या बांधून होमस्टे काढला, तेव्हा तो स्वतःहून चावीचा जुडगा कमरेला लावून उभा राहिला आणि तेव्हापासून तोच सगळं बघतो. कामाला वाघ आहे. फक्त त्याला माणूस दिसला की प्रश्न पडतात. पाहुणे गाडीतून उतरतात न उतरतात तोच गाव कुठलं, दोघं नोकरीला काय, लग्नाला किती वर्षं झाली, आणि मग पुढचा प्रश्न, जो तुझ्या पिढीला विचारायचा नसतो असं मला आता कळलंय. ठाण्याच्या एका जोडप्याने बुकिंगच्या ॲपवर लिहिलं की जागा सुंदर, सोलकढी अप्रतिम, परंतु केअरटेकरने नाश्त्याच्या आत मूल का नाही हे विचारून जेवणाच्या आत नवस कुठे बोलायचा तेही सांगितलं. यावर कडी म्हणजे ती पुण्याची एकटी आलेली मुलगी. दयारामने रजिस्टरमधून तिच्या घरचा नंबर काढला आणि तिच्या आईला फोन करून कळवलं की मुलगी सुखरूप पोचली, काळजी नसावी. मुलीने आईला ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं. तिने आम्हाला एक तारा दिला, तोही ॲप शून्य देऊ देत नाही म्हणून.

तेव्हा ॲपवाल्यांचा निरोप आला की असंच चाललं तर डिसेंबरात तुमचं नाव शेवटच्या पानावर जाईल. डिसेंबर गेला म्हणजे माझं वर्ष गेलं. म्हणून मी तुला फोन केला, कारण घरात एच.आर.मध्ये तूच एकटी. मला काय हवं होतं तेही मी तुला स्पष्ट सांगितलं होतं: मला दयाराम हवाय, फक्त त्याचे प्रश्न नकोत. तू म्हणालीस, आधी तोंडी समज, मग लेखी ताकीद, मग खुलाशाची बैठक, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर. (माझ्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मोर्च्यात घोषणा देता देता माझं नाव क्रांती ठेवलं. पण मी आजवर कुणाला "भांडी नीट घासा" एवढंही तोंडावर सांगितलेलं नाही.) तोंडी समज मी दिली. "दयारामभाऊ, पाहुण्यांना जरा कमी विचारत जा," म्हटलं. तो म्हणाला, "व्हय वैनी. का बरं?" आणि मग का बरं हे सांगण्यात दुपार गेली आणि शेवटी मीच त्याला पुण्याच्या मुलीचं लग्न ठरलंय की नाही याबद्दल माझं मत सांगत बसले.

राहिली लेखी. तू पाठवलेला नमुना मी अलिबागला नेऊन आपल्या होमस्टेचं नाव वर घालून टाइप करून घेतला. फार भारदस्त झाला होता. आपले वर्तन सेवाशर्तींशी विसंगत, अतिथींच्या खासगी बाबींत अनाहूत हस्तक्षेप, नातेवाइकांशी परस्पर संपर्क, सगळं होतं. खाली ठळक अक्षरांत तारीख, वार, सकाळी दहा वाजता, स्थळ नारळाची वाडी, आणि "उपस्थित राहावे". इथवर तुझं काही चुकलं नाही. पण नवीन कागद आणि पाकिटं घरात आली की मी ती आधी देवापुढे ठेवणार हे तू धरायला हवं होतंस. गठ्ठा उभा धरून कोपऱ्यांवरून हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट फिरवलं, त्यामुळे सगळ्याच पाकिटांना कोपऱ्यात लागलं. त्यातलंच एक पाकीट घेतलं. ते दयारामच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही, म्हणून त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोकडे, भागुबाईकडे दिलं. आता कुणाच्या दारात सवाष्णीच्या हातावर नुसतं पाकीट कसं ठेवायचं? म्हणून वर दोन नारळ ठेवले. भागुबाईने पाकिटाला हात जोडले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पत्रिकेत माणूस तारीख, वेळ आणि जागा यापलीकडे काही वाचत नाही. त्यांनीही तेवढंच वाचलं, आणि वैनींकडे कार्य आहे म्हणून सगळ्या आळीला सांगितलं. कारण इथे एका घराला बोलावणं म्हणजे भावकीला बोलावणं. त्या दिवशी मी ओटीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडून, साक्षीदाराची तिसरी बाजूला ठेवून, खुलाशाची वाट बघत बसले होते. (साक्षीदार म्हणून शेजारचे रावजी गुरुजी. रिटायर्ड माणूस, कुठेही बोलवा, येतात.) दहाच्या आधीच दयाराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भागुबाई नवीन साडी नेसून आणि कार्याला म्हणून खण-नारळ घेऊन, आणि त्यांच्यामागे निम्मी आळी अशी फाटकातून आत आली. काय कार्य आहे हे कुणीच विचारलं नाही, ते विचारणं बरं दिसत नाही. मीही सांगू शकले नाही. आत जाऊन रवा भाजायला घेतला. शिरा होईस्तोवर कुणीतरी सतरंज्या घातल्या, आणि उतरलेल्या पाहुण्यांपैकी एक बाई केसात गजरा माळून बायकांत जाऊन बसली.

शिऱ्याच्या बश्या फिरल्या आणि मग नको ते झालं. रावजी गुरुजींना कुठल्याही कार्यात पत्रिका मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे. त्यांनी दयारामकडे पत्रिका मागितली. त्याने ती खिशातून कौतुकाने काढून दिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे केले, गुरुजींना वाटलं मी लवकर वाचा म्हणतेय. "पहिली लेखी ताकीद," अशी त्यांनी खणखणीत सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला त्यांचा आवाज उतरला, पण चाळीस मुलांपुढे आयुष्य काढलेला माणूस, वाक्य अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही. विसंगत वर्तन झालं, अनाहूत हस्तक्षेप झाला, पुण्याच्या मुलीच्या आईला केलेला फोन तारखेसह झाला. लोक बशीतल्या शिऱ्याकडे बघत बसले. भागुबाईने खणाची पिशवी हळूच मांडीवरून खाली ठेवली. मृणाली, तुमच्याकडे म्हणे ही बैठक बंद खोलीत होते. फार चांगली पद्धत आहे.

दयाराम उठला नाही, चिडलाही नाही. त्याने गुरुजींकडून कागद घेऊन घडी घातली आणि मला म्हणाला, "वैनी, यात खोटं काय न्हाय. मी इचारलं. आता न्हाय इचारणार." मग सही कुठे करायची ते बघून सही केली, बशीतला शिरा संपवला आणि पाण्याचा पंप लावायला गेला. लोक नमस्कार करून पांगले. पाहुण्यांनी मात्र ॲपवर पाच तारे दिले, गावची बैठक प्रत्यक्ष बघायला मिळाली, वर प्रसाद, असं लिहून. म्हणजे डिसेंबर वाचला.

आता तू म्हणशील की प्रोसेस यशस्वी झाली. झाली. त्या दिवसापासून दयाराम तुमच्या कंपनीत शोभेल असा वागतो. गाडी आली की फाटक उघडतो, चावी देतो, खोली दाखवतो, पुरे. पाहुणे खूश आहेत. पण बाई, ताकिदीत मी "अतिथींच्या" असं लिहिलं होतं, त्याने ते सगळ्यांना लावून घेतलं. रोज सकाळी पडवीत चपला काढता काढता तो मला विचारायचा की झोप लागली का, माझ्या ओंकारचा दुबईहून फोन आला का, आणि आला असेल तर बोलला काय आणि नसेल तर का नाही. दुपारी जेवलात काय म्हणून विचारायचा, आणि मी हो म्हटलं तरी पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा. मला वाटायचं किती हा छळ. परवा मला कणकण होती, मी जेवले नाही, तशीच ओटीवर पडून होते. तो आला, भाजीची पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि गेला. मला रडू आलं. लेक म्हणून ओंकार गुणी आहे, दर रविवारी फोन करतो, तिकडचं ऊन सांगतो. पण मी जेवले का हे विचारणारा या वाडीत एकच माणूस होता आणि त्याचं तोंड मी शिक्का मारून बंद केलं.

मीच त्याला बोल म्हणावं, तर तेवढा धीर होत नाही. गेले होते एकदा विहिरीपाशी, आणि नारळाचा भाव विचारून परत आले. भागुबाई इथेच टाकून गेली तो खण तसाच फडताळात आहे. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
क्रांतीआत्या

ता. क. : दिलेली ताकीद परत घ्यायचा काही नमुना तुमच्याकडे असतो का? नसला तर शनिवारी तू स्वतः ये. तू पाहुणी नव्हेस, घरची आहेस, तेव्हा तुला विचारायला त्याला हरकत नाही. फाटकात उतरलीस की त्याच्यासमोर जरा उगाच रेंगाळ. तो विचारील त्या सगळ्याची उत्तरं दे. पगारही विचारील, सांग. लग्नाचं विचारील, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

पुन्हा ता. क. : वरचं लिहून, पाकिटावर तुझा पत्ता घालून मी चहा टाकायला उठले होते. दयाराम पोस्टात जायचं काही आहे का ते बघायला आला. टेबलावरचं पाकीट त्याने उचललं, तुझं नाव वाचलं, कोपऱ्यातलं हळद-कुंकू बघितलं आणि पाकीट खाली ठेवून पुन्हा उचललं. मग त्याला राहवलं नाही. "वैनी, मृणालीचं लगीन ठरलं काय?" अगं, मला इतका आनंद झाला की मी हो म्हणून बसले. मग मुलगा कुठला, करतो काय, घरी कोण कोण असतं, सगळं विचारलंन, आणि मीही भरभरून सांगितलं. मुलगा तळा गावचा आहे, उंच आहे, स्वभावाने शांत आहे. जाताना त्याने पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं. एव्हाना आळीला कळलं असेल. शनिवारी येशील ती चांगली साडी नेसून ये, भागुबाई ओटी भरणार आहे.