बारावं ताट

अब्बा, आज माझ्या भांड्यांच्या दुकानात त्याची सून आली होती. त्याची म्हणजे खाडीपलीकडच्या त्या माणसाची, जो जेद्द्याला आपल्या खालच्या मजल्यावर राहायचा, ईदला आपल्याकडे दोनदा शिरखुर्मा मागून घ्यायचा आणि पोलिसांच्या कचेरीत ड्रायव्हर होता. नणंदेच्या लग्नासाठी तिने डझनभर ताटं घेतली. "सगळ्यांवर सासऱ्यांचं नाव घालून द्या. जमातीच्या जेवणाला ते स्वतःच्या हाताने ही ताटं काढणार आहेत," म्हणाली. मी तिला थंड पाजलं, खुर्ची दिली, वर भाव कमी केला. माझ्या नवऱ्याला संशय आला, इतकी गोड मी कधी बोलत नाही.

नाव घालायला तुम्हीच शिकवलंत. जेद्द्याच्या जुन्या बाजारातलं, बलदमधलं तुमचं पुस्तकांच्या बाइंडिंगचं दुकान शुक्रवारी बंद असायचं. जुम्याची नमाज पढून आलात की स्वयंपाकघराच्या फरशीवर गोणपाट पसरायचात आणि ओळखीच्या कोकणी घरांची भांडी काढून बसायचात. बारीक छिन्नी, छोटी हातोडी, टिंबाला टिंब. बारावी होऊन मी घरीच होते. पहिलं पुरं नाव मी आपल्या मोठ्या ताटावर घातलं, तुमचं नाव आणि खाली गाव. तुम्ही ताट उजेडात धरलंत, चष्मा वर केलात. "तिसऱ्या अक्षराला घाई केलीस. बोबडं झालं," म्हणालात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

त्याच वर्षी तुमच्याकडे तीन गिऱ्हाइकं आली, एकमेकांना न सांगता. जेद्द्याचा प्रोफेसर, बुरैद्याचा लांब दाढीवाला कडवा सुन्नी शेख आणि पूर्व किनाऱ्यावरचा शिया डॉक्टर. प्रत्येकाने आपापला अर्ज बांधायला दिला. तुम्हाला अरबी वाचता येत होतं, आणि तिन्ही अर्जांत मागणं एकच होतं: राजाने घटना लिहून द्यावी आणि मजलिस, म्हणजे त्यांची संसद, लोकांनी निवडावी. तुम्ही गप्प राहून तीन पुठ्ठे चढवले असते तर आज कदाचित हयात असता. पण तुम्ही तिघांनाही सांगितलंत, की अहो, दुसऱ्यांचंही हेच म्हणणं आहे. मग प्रोफेसरच्या घरी बैठक ठरली आणि तुम्ही घारगे घेऊन गेलात, कारण जेवणाच्या ताटाशी आले की माणसं कमी भांडतात असं तुमचं मत होतं.

परत आलात तेव्हा तुम्हाला हसू आवरत नव्हतं. अर्जावर एकमत झालं, पण पहिली सही कुणाची यावर दुपार गेली. शेख डॉक्टरच्या खाली सही करेना, डॉक्टर शेखच्या खाली. शेवटी तुम्ही घारगे संपवायला लावलेत, ताट कागदावर उपडं ठेवलंत आणि पेन्सिलीने गोल काढलात. गावच्या जमातीत दोन मोहल्ल्यांचं वाजलं की करतात तसं. सगळ्यांनी गोलावर सह्या केल्या, पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. आपल्याकडे सरपंचालासुद्धा मत देऊन पाडतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा शेख म्हणे दाढीत हसला. स्वतः तुम्ही परदेशात राहून जन्मात एकदाही मत दिलं नव्हतंत, ते मात्र सांगितलं नाहीत. "ताट कुठाय?" मी विचारलं. "राहिलं तिथेच. आपल्यात ताट रिकामं परत करत नाहीत, असं मी बोलून गेलो. शेख खजूर भरून देणार आहे."

खजूर यायच्या आधी प्रोफेसरच्या घरी पोलीस पोचले, तिकडे असा अर्ज म्हणजे गुन्हाच. सह्यांचा कागद सापडला, पण गोलावरून म्होरक्या कळेना. मग स्वयंपाकघरात ताट सापडलं, त्या गोलाच्या मापाचं, वर टिंबांची अक्षरं, अरबी नव्हेत. कचेरीत हिंदी वाचणारा कोण, तर हाच आपल्या खालचा ड्रायव्हर. कारखान्याचं नाव आहे म्हणाला असता तर त्याला कोण खोटं पाडणार होतं? त्याने नाव वाचलं, खालचं गावही वाचलं, आणि घर कुठे तेही सांगितलं. तुम्हाला दुकानातून नेलं. दहा महिन्यांनी विमानात बसवलं तेव्हा तुमच्या उजव्या हाताला कपसुद्धा पेलत नव्हता, आणि गावी दुसरा पावसाळा काही तुम्ही पाहिला नाहीत. जाताना म्हणालात, "त्याला काय बोलू नको. त्याचाही इकामा होता गो, राहायचा परवाना त्यांच्याच हातात, तान्ही पोर होती."

मी ऐकलं नाही, अब्बा. इथल्या प्रत्येक घरात मी ते सांगितलं. जमातीच्या निवडणुकीला तो दोनदा उभा राहिला, दोनदा मी दारोदार फिरून पाडला. पुरेसं वाटलं नाही. ती तान्ही पोर आता नवरी आहे, आणि अकरा ताटांवर मी मशीनने तिच्या बापाचं नाव घातलं. बाराव्याला तुमची छिन्नी काढली. तुमचं नाव, खाली गाव, तिसरं अक्षर मुद्दाम बोबडं. भर मांडवात ते त्याच्या हाती येऊ दे. वाचता तर त्याला चांगलं येतं. त्याच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरू नये, एवढंच मला हवंय.

हे मी ताटांमध्ये घालायच्या कागदावर लिहितेय. गठ्ठ्यात मात्र हा कागद जाणार नाही, गल्ल्याखाली राहील. कारण एक गोष्ट मी दारोदार फिरताना कुठेच सांगितली नाही. बैठकीला निघताना तुम्ही बजावलं होतंत, "साधं ताट दे गो बाय, नावाचं नको." साध्या ताटाला पोचा होता. एवढी मोठी माणसं खाणार, त्यांनी माझं काम बघावं असं मला वाटलं. नावाच्या ताटात घारगे रचून मी वर फडकं बांधलं, आणि तुम्ही विश्वासाने उचलून नेलंत. नंतर तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

सून उद्या सकाळी येईल. बारावं ताट मी बदललेलं नाही.