वळणाजवळचं मीटर

बाबा, काल बेसाला एका सोसायटीत पाण्याचं मीटर तपासायला गेले होते. तुम्ही होता तेव्हा तिथे शेतं होती. मागच्या इमारतीचं पाणी सोसायटीने निम्म्यावर आणलं होतं, कारण मीटर तिथे इतरांच्या दुप्पट पाणी दाखवत होतं. एक म्हातारी बाई बादली घेऊन जिना चढताना भेटली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मीटर बरोबर आहे एवढं लिहून द्या, बाकी आम्ही पाहून घेऊ."

हे मीटर पाइप न कापता बाहेरून बसतं. दोन सेन्सर पाइपला पट्ट्याने बांधायचे. ते एकमेकांकडे कानाला न ऐकू येणारा आवाज पाठवतात, त्यावरून पाण्याचा वेग कळतो. इथे ते वळणाला अगदी लागून, पाइपच्या माथ्यावर, गंजावरच बांधले होते. वळणाशी पाणी घुसळतं आणि माथ्याशी हवा साचते. मग आकडा खरा कसा येणार?

मी साइटचं काम घेतलं तेव्हा तुम्ही किती चिडला होता. मी पोळ्या लाटतेय, तुम्ही कोराडीच्या वीज केंद्रातून ड्यूटी करून आलाय, डब्यासकट स्वयंपाकघराच्या दारात उभे. "काहून वं, ऑफिसात बसाचं काम नाही भेटलं तुले? पाइपावर चढून राहिली म्हणून लोक मले विचारतीन."

"विचारू द्या," मी म्हणते.

पुढच्या रविवारी तुम्ही मला बसने सदरच्या बाजारात नेता. बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट कुठल्याच दुकानात नाहीत. शेवटी तुम्ही पुरुषांचा सर्वांत लहान जोड मागता, अंगठ्याने टोक दाबून पाहता. "पुढे कापूस भरून घेशीन." राग गेला की नाही, ते तुम्ही कधीच सांगितलं नाही.

काल मी सेन्सर वळणापासून लांब, पाइपच्या सरळ भागात, वरून काढून बाजूला आणले. रंग आणि गंज खरवडला, आवाज नीट आत जावा म्हणून जेल लावलं, पाइपची जाडी मोजून दोन्ही सेन्सरमधलं अंतर ठरवलं. आकडा खाली आला आणि तिथेच थांबला.

"आता कमी दाखवून राहिलं," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही मागच्यांच्या बाजूने तर नाही लावून दिलं?"

मी त्यांना मागच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं. रिकामी टाकी भरू दिली. टाकीत जेवढं पाणी आलं, तेवढंच मीटरने दाखवलं. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, मग खाली येऊन स्वतःच त्या इमारतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. म्हातारी घरात जाऊन नळ पाहून आली आणि तिने गॅलरीतून मला हात हलवला.

खाली जमलेल्यांना मी सांगितलं, "वळून आलेल्या पाण्याला निवांत व्हायला जागा लागते, असं माझे बाबा म्हणायचे." तुम्ही गेल्यापासून हे मी प्रत्येक साइटवर सांगते. खरं तर तुम्ही असं काही म्हणाला नव्हता. कामाबद्दल तुम्ही घरी बोलतच नसत. वाक्य माझं आहे. पण तुमचं म्हणून सांगितलं की आपण दोघं त्या कामावर बोललो होतो, असं मला वाटतं.