रक्त कुठं जातंय?

प्रिय अजिनाथ,

फोन केला असता, पण तू "बरं ताई, बघू" म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते.

ऑपरेशनला दीड महिना झाला. आता नेकनूरच्या बाजारापर्यंत चालत जाते, पण डोक्यात नुसता गोंधळ हाय. वर्षभर धाप लागायची. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कमी आहे ते कळलं, पण रक्त जातंय कुठं?" दुर्बीण घातली तर मोठ्या आतड्यात, उजवीकडं, कॅन्सरची गाठ. मला कधी रक्त पडताना दिसलं न्हाई. आतल्या आत झिरपत होतं म्हणे.

गाठ काढली. मग किमोची वाट बघत बसले, तर बाई म्हणाल्या, "तुम्हाला किमो नको." शेजारच्या रहेमतबीच्या भावाला याच आजारात बारा वेळा किमो दिली होती. ऐकून ती डोळे पुसत गेली. मला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली. दोन दिवस घास उतरला न्हाई. तिसऱ्या दिवशी जाऊन भांडलेच, "किती दिवस राहिले ते खरं सांगा." बाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ बाहेर पसरली नव्हती, आणि या प्रकारच्या गाठीला त्या टप्प्यावर किमोचा फायदा होत न्हाई. "गरज नाही म्हणून देत नाही, ताई." पटलं. घरी आले की पुन्हा शंका येते.

काढलेली गाठ तपासली, त्यात दुसरंही निघालं. अशी गाठ होण्याचा दोष अंगातच असतो, तो आई-बापाकडून येतो. माझ्या रक्तातही तोच सापडला. आपली आई चव्वेचाळीसाव्या वर्षी पांढरीफट्ट पडून गेली आणि आपण नजर लागली म्हणत बसलो. तिनंच दिला असेल का? तिला बिचारीला काय ठाऊक! राग कुणावर धरावा, तेच कळत न्हाई.

अजिनाथ, भावालाही हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते. तुला सांगावं की न सांगावं, यात पंधरा दिवस गेले. काल तुझ्या बायकोचा, रोहिणीचा फोन आला. तूही चार महिने लोहाच्या गोळ्या खातोयस, जिना चढताना मधेच बसतोस, आणि ताईला कळू देऊ नको म्हणतोस. तुझ्यासाठी बाईंकडं मंगळवारची वेळ घेतली हाय. बाई म्हणाल्या, लवकर सापडलं तर लई काही करता येतं. रोहिणीवर चिडायचं असेल तर तपासणी झाल्यावर चीड. मी सकाळी आठपासून बीडच्या स्टँडवर उभी राहते. तू उतरल्याशिवाय हलणार न्हाई.

तुझीच,
सत्यभामाताई